आईला ठेवून अकरा महिने झाले, मधे मालक बदलला

वृद्ध सेवा केंद्राचं नाव लिहीत नाही, आई अजून तिथंच आहे.

ती गेवराईकडच्या गावात एकटी, मी पुण्यात, बहीण नांदेडला. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि छत्रपती संभाजीनगरजवळच्या या वृद्ध सेवा केंद्रात तिला ठेवलं. पहिले पाच महिने मी भेटेल त्याला सांगायचो, डोळे झाकून ठेवा. एक डॉक्टर नवरा-बायको चालवायचे. भिंतींचे पोपडे निघालेले, पण दुपारी ज्वारीची भाकर न् येसर आमटी. बावीस खाटांना रात्री तीन मावश्या.

मग एका गुंतवणूक फंडाच्या कंपनीनं ते घेतलं. आम्हाला कळलं ते पावतीवरचं नाव बदललं तेव्हा. रंग लागला, सोफा आला, ॲप आलं. जनरेटरही आला, ते खरंच बरं झालं. पण एका रविवारी मी न सांगता साडेबाराला गेलो. ॲपवर १२:१० ला 'जेवण पूर्ण' अशी हिरवी खूण, आणि आईचं ताट झाकलेलं तसंच. आत गार चपाती. आईला दात नाहीत. भाकर ती आमटीत कुस्करून खाते. मॅनेजर म्हणाला, "सर, मेनू वरून येतो." वर म्हणजे मुंबईला.

रात्रीच्या मावश्या तीनच्या दोन झाल्या, आता एकच. महिन्याचे २४ हजार होते ते ३१ झाले. डायपर, फिजिओ वेगळे.

यात मॅनेजरला शिव्या देऊन उपयोग नाही. असे फंड बरेचदा कर्ज काढून धंदा घेतात, कर्ज त्या धंद्याच्याच डोक्यावर बसतं, आणि काही वर्षांत तो विकून मोकळं व्हायचं असतं. या कामात सगळ्यात मोठा खर्च पगाराचा, म्हणून कात्री मावश्यांवर. अमेरिकेत कार्लाइल नावाच्या अशाच एका गुंतवणूक कंपनीनं २००७ मध्ये मॅनरकेअर ही नर्सिंग होमची साखळी घेतली. २०११ मध्ये तिच्या इमारती सुमारे ६ अब्ज डॉलरला विकल्या आणि साखळी आपल्याच जुन्या इमारतींचं भाडं भरत बसली. २०१८ ला दिवाळं. हे वाचल्यावर मी इथला सातबारा काढला. जमीन अजून डॉक्टरांच्याच नावावर, म्हणजे आमची कंपनीही भाडेकरूच. भाडं किती, कोण सांगणार?

हलवायचं म्हटलं तर तळमजल्यावर खोली दुसरीकडं मिळत नाही, आणि आईला जिना चढवत नाही. पाचपैकी अडीच तारे देतो, त्यातला दीड त्या एका उरलेल्या मावशीचा.

परवा नवा करारनामा आला. चौदा पानं, सगळी इंग्रजीत, सोडायचं तर तीन महिन्यांची नोटीस. बहिणीनं अजून सही केलेली नाही.