हेम्प सीड ऑइल: चव एक नंबर, लेबलवरच्या थापा मात्र नकोत

पार्ल्याला स्टेशनजवळच्या एका ऑरगॅनिक दुकानातून हेम्प सीड ऑइल आणलं, पाव लिटरची बाटली आणि साडेसहाशेच्या वर गेले. भांगेच्या बियांचं तेल आहे पण दचकू नका, एनडीपीएस म्हणजे अंमली पदार्थांविरुद्धच्या कायद्यातून बिया पहिल्यापासूनच वगळल्यात आणि २०२१ मध्ये अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी एफएसएसएआयने खाण्यातही चालेल म्हणून सांगितलंय.

चवीला खरंच मस्त. रंग शेवाळी, वास हिरवट आणि मागून अक्रोडासारखी चव येते. गरम भाकरी, लसणाची सुकी चटणी आणि वर हे चमचाभर, बास. फोडणीला मात्र अजिबात घालू नका, लगेच धूर होतो आणि कडवट लागतं.

आता वैताग. लेबलवर ठळक छापलंय की हे तेल मेंदूतले कॅनाबिनॉइड रिसेप्टर (म्हणजे भांगेतल्या रसायनांसारखे पदार्थ जिथे चिकटतात ती पेशींवरची जागा) चालू करून ताण घालवतं. दुकानातला पोरगा पण वर सांगतो, 'मॅडम, रात्री जिभेखाली दोन थेंब, टेन्शन खल्लास.' मी पोरांना फार्माकॉलॉजी शिकवते हो, गप्प कशी बसू.

मेंदूतला मुख्य रिसेप्टर म्हणजे सीबी१, आणि तो बहुतेक करून बसलेला असतो ट्रान्समीटर, म्हणजे पुढच्या पेशीला निरोप देणारं रसायन, सोडणाऱ्या न्यूरॉनच्या (मेंदूतल्या पेशीच्या) टोकावर. पलीकडचा न्यूरॉन फार उत्तेजित झाला की त्याच्यात कॅल्शियम वाढतं, तो तिथल्या तिथे २-एजी नावाचा पदार्थ बनवतो आणि तो उलटा मागे जाऊन सीबी१ला चिकटतो, मग पेशीतल्या जी-प्रोटीन नावाच्या मध्यस्थामार्फत त्या टोकावरचे कॅल्शियम आत घेणारे चॅनेल दाबले जातात आणि ट्रान्समीटर कमी सुटतो. चाळीत शेजारी भिंतीवर थाप मारून टीव्हीचा आवाज कमी करायला लावतात ना, तसंच. हे उलटं जाणं २००१ मध्ये तीन वेगवेगळ्या लॅबनी दाखवलं. काम झालं की एन्झाइम २-एजी तोडून टाकतं, विषय संपला.

आता गंमत बघा, सीबी१ ग्लुटामेट (पुढच्या न्यूरॉनला चेतवणारा ट्रान्समीटर) सोडणाऱ्या टोकांवर असतो तसाच गाबा (त्याला शांत करणारा) सोडणाऱ्यांवरही असतो. ग्लुटामेट कमी सुटलं तर पुढचा न्यूरॉन शांत होतो पण गाबा कमी सुटला तर उलट तो जास्त पेटतो, म्हणजे 'रिसेप्टर चालू केला की शांत वाटतं' हे गणितच चुकीचं. रिमोनाबँट आठवतंय का कुणाला? सीबी१ बंद करणारी वजन कमी करायची गोळी, युरोपात २००६ मध्ये आली आणि लोकांना डिप्रेशन यायला लागलं म्हणून २००८ मध्ये मागे घेतली. इतका नाजूक कारभार आहे तो.

आणि मुळात या तेलात तसलं काही नसतंच! बी स्वतः टीएचसी (भांगेतलं नशा आणणारं रसायन) बनवत नाही की सीबीडी (भांगेतलंच, पण नशा न आणणारं), सालीला राळ चिकटून येते तेवढाच काय तो अंश. सीबी१ला कळणारसुद्धा नाही.

तेलाला ५ पैकी ४, लेबलला भोपळा. ओमेगा-३ साठी घेत असाल तर जवसात याहून जास्त असतं आणि दादरच्या बाजारात कितीतरी स्वस्त मिळतं, सो रोजच्याला जवसाची चटणी आणि हे पाहुणे आले की सॅलडवर. फ्रिजमध्येच ठेवा, नाहीतर खवट होईल, आणि उभीच ठेवा कारण झाकण गळतं.