म्हापशाच्या बाजारातलं उटणं: पायांना मस्त, तोंडाला जरा जपून

शुक्रवारच्या बाजारात एका मावशीकडून सुट्टं उटणं घेतलं, मसूर डाळ, आंबेहळद, वाळवलेली संत्र्याची साल आणि नागरमोथा एवढंच, सेंट वगैरे काही नाही. नरकचतुर्दशीला लावतो तसलंच, फक्त दळण जाडसर.

हातापायांना एकदम बेस्ट! दह्यात कालवून हलक्या हाताने गोल गोल चोळायचं आणि कडक सुकायच्या आत धुवून टाकायचं, कोपरं मऊ होतात, टाचांचा खरखरीतपणा पण बराच कमी होतो. तोंडासाठी मात्र मैद्याच्या चाळणीने चाळून घ्या, नाहीतर जाड कण गालांवर ओरखडे काढतात, आणि पिंपल्स असतील तर चोळूच नका. आठवड्यातून एकदा-दोनदा पुरे, रोज घासलं की स्किन कोरडी पडून आग होते.

मावशी म्हणाली लिंबू पिळून लाव बाय, छान गोरी दिसशील (हे गोरेपणाचं खूळ कधी जाणार देव जाणे). लिंबू अजिबात नको, रस अंगावर राहिला आणि तसंच गोव्याच्या उन्हात गेलात तर काळे चट्टे उठतात, कधीकधी फोडसुद्धा. नुसतं उटणं लावलं तरी बाहेर पडताना सनस्क्रीन लावाच.

पॅकिंग म्हणजे साधी प्लास्टिकची पिशवी, पावसाळ्यात लगेच गुठळ्या, घरी आणल्या आणल्या घट्ट झाकणाच्या कोरड्या बरणीत भरा. आणि पांढरा टॉवेल लांब ठेवा, हळदीचा डाग निघत नाही. स्वस्त आहे, परत घेणार, पण बारीक दळलेलं मागून.