रॅव्हलरीतला लोकरीचा साठा: मीटर भरलेत तरच उपयोग

रॅव्हलरी हे विणकाम आणि क्रोशाचं संकेतस्थळ 2007 पासून चालू आहे, खातं फुकट. नमुने शोधायला ते प्रसिद्ध आहेच, पण इथे लिहायचंय ते त्याच्या वहीतल्या, म्हणजे आपल्या नोंदींच्या भागातल्या, 'स्टॅश' (साठा) या पानाबद्दल. नव्या स्वेटरची लोकर घ्यायला गेल्यावर घरात काय पडलंय ते दुकानात उभ्या उभ्या फोनवर दिसतं. एवढ्यासाठीसुद्धा हे पान भरायचे कष्ट वसूल होतात.

लोकरीचं नाव टाकलं आणि ती त्यांच्या यादीत असली, की जाडी, धाग्याचा प्रकार आणि एका गुंड्याचे मीटर आपोआप येतात. शेड नंबर, लॉट नंबर (एकाच वेळी रंगवलेल्या गुंड्यांचा क्रमांक) आणि फोटो आपण घालायचा. पुढे एखादं काम सुरू केलं की त्यात हीच लोकर साठ्यातून निवडायची आणि 'अडीच गुंडे' असं लिहायचं. उरलेला हिशेब ते पान करतं. हा भाग खरोखर उत्तम जमलाय.

अडतं ते आपल्याकडच्या लोकरीपाशी. कितीतरी गुंड्यांच्या पट्टीवर फक्त ग्रॅम असतात, मीटर नसतात. '4 प्लाय' म्हणजे चार पदर. त्यावरून धागा किती जाड ते कळत नाही. जाडीसाठी फूटपट्टीवर धागा न ताणता, वेढ्याला वेढा लावून गुंडाळावा. बारकापासून जाडापर्यंत जाडीची नावं अशी: एका इंचात 14 वेढे बसले तर फिंगरिंग, 11 बसले तर डीके, 9 बसले तर वर्स्टेड. धागा ओढून गुंडाळला की तो बारीक भासतो आणि नोंद चुकते.

लांबीसाठी स्वयंपाकघरातला 1 ग्रॅमचा डिजिटल काटा चालतो, पण 10 मीटर धागा मोजून त्यावर ठेवू नका. 100 ग्रॅमला 200 मीटर असलेली लोकर 10 मीटरला जेमतेम 5 ग्रॅम भरते. काटा अर्ध्या ग्रॅमने इकडेतिकडे झाला तरी हिशेब दहा टक्क्यांनी बिघडतो. निदान 50 मीटर मोजा, म्हणजे चूक दोन टक्क्यांवर येते. एकदा हा आकडा मिळाला की उरलेल्या 37 ग्रॅमचे 74 मीटर, इतकं सोपं. मात्र भर पावसाळ्यात शुद्ध लोकर तोलू नये. ती हवेतली ओल पिते: 65 टक्के दमटपणात कोरड्या वजनाच्या सुमारे 16 टक्के, आणि हवा त्याहून दमट झाली की आणखी. अ‍ॅक्रिलिकला ही अडचण जवळजवळ नाही.

मीटरचा आग्रह खरेदीच्या वेळी कळतो. समजा नमुन्यात 50 ग्रॅमला 110 मीटर असलेले लोकरीचे 8 गुंडे सांगितलेत, म्हणजे 880 मीटर. मुंबईच्या हवेसाठी त्याऐवजी सुती धागा घ्यायचाय, आणि तो 50 ग्रॅमला 85 मीटर आहे. वजन बघून 400 ग्रॅम घेतलं तर 680 मीटरच हाती येतात आणि बाह्यांपाशी धागा संपतो. हिशेबाने 11 गुंडे लागतात. दहा टक्के जास्तीचे धरून 12 घ्यावेत. तेव्हा साठ्यातही गुंड्यांच्या आकड्यावर न थांबता मीटर भरा. नमुन्यांच्या शोधात लांबी आणि जाडीची चाळणी आहे. साठ्यातला आकडा तिथे घातला की हातात असलेल्या धाग्यात काय बसतं तेवढंच समोर येतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे एकाच शेडचे दोन लॉट एका नोंदीत घालणं. पानावर 6 गुंडे दिसतात, आपण निर्धास्त सुरुवात करतो, आणि पाठीच्या मधोमध रंगाची आडवी रेघ उमटते. ट्यूबलाइटखाली फरक दिसत नाही, उन्हात नेल्यावर दिसतो. प्रत्येक लॉटची वेगळी नोंद करा. लॉट मिसळावेच लागले तर दोन ओळी एका गुंड्याच्या, दोन दुसऱ्याच्या, असं विणत जा.

उणिवा आहेत. पान मराठीत नाही. टीपांच्या रकान्यात मात्र 'वरच्या कपाटात, निळी पिशवी' असं देवनागरीत खुशाल लिहावं. ती जागा लिहिलीच पाहिजे, नाहीतर नोंद असूनही गुंडा सापडत नाही. जुना मोठा साठा भरायला दोन-तीन सुट्ट्या जातात. सगळी यादी एक्सेलमध्ये उतरवून घेता येते, ती अधूनमधून घ्यावी.

20 ग्रॅमच्या आतल्या तुकड्यांची एकेक नोंद करत बसू नका. जाडीप्रमाणे आणि धाग्याप्रमाणे वेगळ्या पिशव्या करून पिशवीमागे एकच नोंद ठेवा. सुती आणि अ‍ॅक्रिलिक एकत्र नको, इस्त्री लागली की अ‍ॅक्रिलिक लोळागोळा होतं. बाळाच्या टोपीच्या पट्ट्या आणि गोंडे यांची सोय त्याच पिशवीतून होते.