नेगेवमध्ये घर: नव्या यिशुवातला प्लॉट की दिमोनातला लॉटरीचा फ्लॅट?

इस्रायलमध्ये अश्दोद, लोदला भाडी भरून टेकीला आलेले आपले बेने इस्रायलवाले, म्हणजे मराठी ज्यू, सध्या हाच प्रश्न विचारतायत: यिशुवात, म्हणजे छोट्या वस्तीत, प्लॉट घेऊन घर बांधायचं की दिमोना शहरात सरकारी लॉटरीतून फ्लॅट घ्यायचा. आम्ही दोन्हीकडे अर्ज केले होते म्हणून लिहितोय. नेगेवमध्ये, म्हणजे दक्षिणेतल्या वाळवंटात, ज्यू वस्ती वाढवायची हे पहिले पंतप्रधान बेन-गुरियन यांच्या काळापासूनचं सरकारी धोरण, त्यामुळे जमिनीवर सवलत दोन्हीकडे असते.

नवं यिशुव दिसायला एकदम भारी. स्वतःचं घर, अंगण, पोरं रस्त्यात सायकल फिरवतायत, मागे मोकळं वाळवंट. फक्त प्लॉट स्वस्त म्हणजे घर स्वस्त असं नाही हां, बँक मश्कांता (गृहकर्ज) टप्प्याटप्प्याने सोडते, पाया झाला की थोडे, स्लॅब पडला की थोडे, आणि तोवर जुन्या घराचं भाडं चालूच. तेही एकवेळ झेपलं असतं.

आमचं बिनसलं ते वअदत कबालावरून, म्हणजे तिथली प्रवेश समिती. 2011 च्या कायद्याने नेगेव आणि उत्तरेकडच्या गालीलमधल्या 400 घरांपर्यंतच्या गावांना ही समिती ठेवता येते, 2023 मध्ये ती मर्यादा 700 केली. तुम्ही गावाच्या सामाजिक-सांस्कृतिक घडणीत बसत नाही एवढ्या कारणावर नकार देता येतो. अरबांना बाहेर ठेवायला केलाय अशी टीका झाली, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, 2014 ला कोर्टाने याचिका फेटाळल्या. पण चाळणी लावली की त्यात कोणीही अडकतो. आमची मुलाखत गोडीगुलाबीत झाली, खोटं कशाला बोलू, चहा-बिस्किटं पण होती. मग विचारलं घरात कुठली भाषा बोलता, आई कायम तुमच्याकडेच राहणार का, सणाला पाहुणे किती येतात, आणि समोरची बाई प्रत्येक उत्तराला वहीत काहीतरी लिहीत होती. आई शेजारीच बसलेली. आपण पूर्ण ज्यू की नाही यावर रब्बींशी भांडण करून 1964 साली सरकारकडून मान्यता मिळवलेली पिढी तिची, बाहेर आल्यावर म्हणाली, "परत परीक्षा होय रे?" त्यानंतर उत्तराची वाट बघायचा मूडच गेला.

दिमोनात असलं कोणी विचारत नाही. सवलतीच्या घरांची सरकारी लॉटरी 2015 ला महीर लेमिश्तकेन नावाने सुरू झाली, आता नाव बदललंय, नावावर घर नाही आणि नंबर लागला की झालं. उणं आहेच. फ्लॅट छोटा, भिंती पातळ, नंबर लागेपर्यंत जीव टांगणीला, आणि ताबा मिळाल्यापासून पाच वर्षं किंवा लॉटरीपासून सात, यातलं जे आधी होईल तोवर विकता येत नाही. कामाला बेरशेबा शहर गाठायचं तर रोजची रपेट. पण इन्कम टॅक्समध्ये सूट आहे, आणि शब्बाथला (शनिवारचा विश्रांतीचा दिवस) गाडी नाही काढायची तर आपल्या पद्धतीचं सिनेगॉग चालत जायच्या अंतरावर असणं किती मोठी गोष्ट आहे हे आईला विचारा. एलियाहू हन्नाबीच्या (प्रेषित एलियाच्या) मलिद्याला, म्हणजे आपल्या प्रसादाच्या विधीला, पोहे-खोबरं घेऊन शेजारणी आपणहून येतात, यिशुवात ते सगळं आम्हालाच उभं करावं लागलं असतं.

दोन गाड्या असतील, हाताशी पैसा असेल, म्हातारं माणूस सोबत नसेल तर यिशुव वाईट नाही, आमचे ओळखीचे आहेत तिकडे, मजेत आहेत. फक्त आर्किटेक्टला पैसे द्यायच्या आधी समितीची तारीख घ्या.