प्राचीन संस्कृतींच्या गूढांवरील एक ऑनलाइन व्याख्यानमाला

प्राचीन संस्कृतींच्या गूढांविषयीच्या कार्यक्रमांत उत्खननातील पुराव्यापेक्षा अद्भुताला जास्त जागा मिळते, अशी माझी जुनी तक्रार आहे. ही व्याख्यानमाला मात्र प्रत्येक वेळी काय सापडले, कोठे आणि कोणत्या थरात सापडले येथून सुरुवात करते, म्हणून ती मला मनापासून आवडली.

गिझाच्या पिरॅमिडवरील व्याख्यान सर्वांत सरस आहे. तांबड्या समुद्राच्या काठावरील वादी अल-जर्फ येथे फ्रेंच पुरातत्त्वज्ञ पिएर ताले यांच्या पथकाला २०१३ मध्ये मिळालेले पपायरस, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या कागदावरचे लेख, त्यात सावकाश उलगडून दाखवले आहेत. मेरेर नावाचा मुकादम आपल्या तुकडीसह तुरा येथील खाणीतून चुनखडीचे दगड होड्यांतून गिझाला नेत असे आणि त्याची रोजची नोंद ठेवत असे. वर दिवसांचे रकाने आणि त्यांखाली उभ्या ओळींत त्या दिवसाचे काम, अशी ती रोजनिशी पडद्यावर इतकी जवळून दिसते की साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या कारभाराची शिस्त वेगळी सांगावी लागत नाही. ज्याच्यासाठी हा पिरॅमिड उभा राहिला त्या खुफू राजाचा सावत्र भाऊ अंखहाफ याचा उल्लेखही त्याच नोंदींत येतो.

तुर्कस्तानातील गोबेक्ली टेपे या अश्मयुगीन स्थळाची मांडणीही प्रामाणिक आहे. शेतीच्या आधी मंदिर उभे राहिले, हा तेथील उत्खननाचे प्रमुख क्लाउस श्मिट यांचा विचार आधी पूर्ण ताकदीने मांडला जातो आणि नंतर तेथेच सापडलेल्या राहत्या घरांच्या अवशेषांमुळे त्याचा फेरविचार का करावा लागला, हे सांगितले जाते. तज्ज्ञांचे मत बदलताना पाहणे नवख्या श्रोत्यासाठी फार मोलाचे असते.

लिपींवरील भाग मात्र घाईत उरकला आहे. ‘लिनिअर बी’ ही प्राचीन ग्रीक भाषेची लिपी १९५२ मध्ये मायकेल व्हेंट्रिस यांनी उलगडली, एवढे सांगून वक्ते पुढे जातात. त्या लिपीतील शब्दांच्या शेवटची चिन्हे ठरावीक रीतीने बदलतात, हे आधी दाखवून देणाऱ्या ॲलिस कोबर यांचे नावही येत नाही, आणि ही उणीव मला अन्यायकारक वाटते.

सिंधू संस्कृतीच्या धर्मावरील व्याख्यानाबद्दल माझा आक्षेप याहून गंभीर आहे. मोहेंजोदडोच्या एका मुद्रेवरील शिंगांचा मुकुट घातलेली आसनस्थ आकृती म्हणजे शिवाचे आद्यरूप, हा पुरातत्त्वज्ञ जॉन मार्शल यांचा तर्क येथे सिद्ध झाल्यासारखा मांडला आहे. सिंधू लिपी अजून वाचता आलेली नाही, तिचे लेख सरासरी जेमतेम पाच चिन्हांचे आहेत आणि दोन लिपींतील एकही समांतर लेख हाती आलेला नाही. अशा स्थितीत त्या आकृतीला नाव देताना जो संयम हवा होता, तो याच वक्त्यांनी गिझाच्या बाबतीत दाखवला होता.

चित्रीकरण स्वच्छ असून नकाशे नेमके आहेत. ज्यांना एकच व्याख्यान ऐकायला सवड असेल, त्यांनी मेरेरच्या रोजनिशीचे ऐकावे. सिंधू संस्कृतीचे ऐकताना मुद्रेचे चित्र समोर थांबवून ठेवावे आणि वक्त्यांचे प्रत्येक विधान त्याच्याशी ताडून पाहावे.