नाण्यांच्या फोटोसाठी कॉपी स्टँड: काही महिने वापरल्यानंतर

नाणं हातात धरल्यावर जसं दिसतं तसंच फोटोत दिसावं, एवढ्याच अपेक्षेने हा कॉपी स्टँड, म्हणजे कॅमेरा सरळ खाली रोखून धरणारा स्टँड, घेतला. जड लोखंडी बैठक, वर-खाली सरकणारा हात आणि दोन बाजूंना वाकवता येणारे एलईडी दिवे असा संच आहे. कॅमेरा आणि 100 मिमीची मॅक्रो (अगदी जवळून फोटो घेणारी) लेन्स माझ्याकडे आधीपासून होती.

स्टँड उत्तम आहे. नाण्याच्या जागी छोटा आरसा ठेवायचा. लेन्सचं प्रतिबिंब फ्रेमच्या बरोबर मध्यावर दिसलं, की कॅमेरा आणि बैठक समांतर झाली. एकदा जुळवलं की बसलेलं माप हलत नाही. गोल नाणं गोलच येतं आणि एका कडेची अक्षरं धूसर होत नाहीत. मोबाइल जवळ नेला की त्याचीच सावली नाण्यावर पडते, शिवाय तो आपणहून कडा इतक्या ठळक करतो की झिजलेलं नाणंही कोरं वाटावं. संग्राहकाच्या दृष्टीने हे फार वाईट. मजबूत स्टँडवरही बोटाचा धक्का लागतोच, म्हणून 2 सेकंदांचा टायमर ठेवते. लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ 8 च्या आसपास; एफचा आकडा मोठा तितकं छिद्र बारीक. एकास एक प्रमाणात, म्हणजे सेन्सरवर नाण्याची प्रतिमा नाण्याएवढीच पडते तेव्हा, ते जवळपास एफ 16 सारखं वागतं, त्यामुळे आणखी बारीक केलं तर तपशील मऊ पडायला लागतात.

संचातल्या दिव्यांनी मात्र निराशा केली. तांब्याच्या जुन्या नाण्यावर अक्षरांच्या खाचेत मूळचा लालसर रंग थोडा उरलेला असतो आणि नाण्याची किंमत बरीचशी त्यावर ठरते. या दिव्यांखाली तो रंग आजूबाजूच्या तपकिरीत विरघळून जायचा. 18 टक्के ग्रे कार्डावर (ठरावीक करड्या रंगाच्या कार्डावर) व्हाइट बॅलन्स घेतल्याने, म्हणजे खरा करडा कोणता ते कॅमेऱ्याला दाखवल्याने, एकूण रंगछटा सुधारते, पण प्रकाशात जो लाल पुरेसा नाहीच तो कार्ड कुठून आणणार? सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा 100 पैकी आकडा) 95 च्या वर असलेले दिवे वेगळे आणून बसवले आणि त्याच नाण्याची खाच पुन्हा लाल दिसू लागली.

दिव्यांवर डिफ्यूझर (प्रकाश पसरवणारा पडदा) लावायचा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो नाण्यांसाठी पटत नाही. टांकसाळीतून आलेली झळाळी म्हणजे धातूच्या पृष्ठभागावरच्या अतिसूक्ष्म रेषा. नाणं फिरवलं की त्यांच्यावरून प्रकाशाचे पट्टे फिरतात. पसरट प्रकाशात हे पट्टे नाहीसे होतात आणि झळाळीचं नाणं पॉलिश केलेल्या नाण्यासारखं मुकं दिसतं. मी उघडे दिवे उंचावर, घड्याळातल्या 10 आणि 2 च्या जागी ठेवते. प्रकाश खालून आला तर उठावाचा चेहरा खोलगट भासतो. दिव्याचा कोन जरासा बदलला तरी गालावरचे बारीक ओरखडे गायब होतात, म्हणून विकायच्या नाण्याचे दोन वेगळ्या कोनांतले फोटो द्यावेत, असं माझं ठाम मत आहे. एकच सुंदर फोटो दाखवणं ही घेणाऱ्याची फसवणूक होऊ शकते.

प्रूफ नाण्यांसाठी, म्हणजे संग्राहकांसाठी खास पाडलेल्या आरशासारख्या चकचकीत नाण्यांसाठी, साध्या काचेचा तुकडा लागतो. लेन्स आणि नाण्याच्या मध्ये तो 45 अंशांत धरायचा, दिवा बाजूने काचेवर सोडायचा आणि नाण्यावर थेट प्रकाश पडू नये म्हणून मध्ये काळा कागद उभा करायचा. काचेवरून परतलेला प्रकाश सरळ खाली उतरतो, नाण्याचं आरशासारखं सपाट मैदान उजळतं आणि छाप गडद उठून येते. या स्टँडच्या हाताखाली काच अडकवायला भरपूर जागा आहे. घेताना हे नक्की तपासा, कारण आखूड दांड्याच्या स्टँडमध्ये ती बसत नाही.

तक्रार म्हणाल तर बैठकीचा चकचकीत रंग. तो नाण्याच्या कडेवर उमटतो. त्यावर मी मॅट करडा कागद चिकटवला. जड लेन्स लावली की हाताची चावी मधूनमधून आवळावी लागते. प्लास्टिकच्या होल्डरमधल्या नाण्यांवर चमक येते तेव्हा दिवा सरकवायचा, नाणं तिरपं करायचं नाही, नाहीतर समांतरपणा जातो. ओरखडे पडलेल्या होल्डरपुढे कुठल्याच दिव्याचं काही चालत नाही. दिव्यांशिवाय नुसता स्टँड मिळत असेल तर तोच घ्या.