झुरळांसाठी जेल की स्प्रे?

वर्षभर झुरळं नकोत म्हणून जेल लावू की स्प्रे ठेवू, असं मैत्रिणीने विचारलं. स्प्रे समोरचं झुरळ लगेच मारतो, पण अंड्यांच्या कोशावर फारसा चालत नाही आणि छोट्या तपकिरी झुरळाच्या एका कोशात 30-40 अंडी असतात, म्हणजे परत फवारा, परत वास, भांडी झाका. जेलला वेळ लागतो पण ते खाऊन झुरळ फटीत जाऊन मरतं, त्याची विष्ठा खाऊन बाकीचीही मरतात. कष्ट कमी, बिजागरी-सिंकखाली ठिपके लावायचे, सुकले की बदलायचे. जेलवर स्प्रे मात्र मारू नका, झुरळं तिकडे फिरकतच नाहीत (मी हा शहाणपणा केलाय). कधीतरी एखादं दिसत असेल तर स्प्रे ठीक, रोज रात्री ओट्यावर दिसत असतील तर जेलच.